आघाततरंग आणि दुखावलेला स्नायू

भरधाव धावणारा खेळाडू एकाएकी थबकतो आणि मांडीच्या मागील बाजूस हात लावतो. फुटबॉल व क्रिकेटच्या मैदानांवर हे दृश्य नेहमीचे आहे. ताण असह्य होऊन स्नायूचे काही तंतू तुटलेले असतात. अशा दुखापतीवर पूर्वी बर्फ, पट्टी आणि विश्रांती एवढाच उपाय असे. आता व्यावसायिक खेळाडूंच्या उपचारकक्षांत आणखी एक साधन आले आहे. त्याला आघाततरंग-चिकित्सा म्हणतात.

या उपचाराचे मूळ विमानविद्येत आहे, हे ऐकून नवल वाटेल. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले, तर धातूची हानी होते. तिचा अभ्यास करताना जर्मनीतील डॉर्निअर या विमान-कंपनीच्या तंत्रज्ञांचे लक्ष आघाततरंगांच्या सामर्थ्याकडे गेले. पुढे 1980 साली म्युनिक येथे, शस्त्रक्रियेवाचून, एका रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा या तरंगांनी फोडण्यात आला. त्यानंतर न सांधणारी हाडे, खांदा आणि टाच यांच्या विकारांवर हे तरंग योजले जाऊ लागले.

आघाततरंग म्हणजे दाबाचा अतिशय तीव्र आणि अल्पजीवी स्पंद. भिंगाने सूर्यकिरण एकवटावेत, तसा तो शरीरात ठराविक खोलीवर एकवटता येतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात दाबलेल्या हवेच्या जोरावर एक छोटा धातूचा तुकडा नळीच्या टोकावर वारंवार आदळतो. त्याचा जोर कातडीपाशी सर्वाधिक असतो व खोलवर जाताना विरत जातो. शास्त्रदृष्ट्या याला आघाततरंग न म्हणता दाबतरंग म्हणणेच योग्य. परंतु व्यवहारात दोहोंना एकच नाव पडले आहे.

स्नायूत फोडण्याजोगा खडा नसतो. मग येथे हा तरंग करतो काय? पेशींना बसलेल्या यांत्रिक धक्क्याचे रूपांतर त्या रासायनिक संदेशात करतात. या संदेशांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना मिळते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. स्नायुतंतूंच्या कडेला काही राखीव पेशी सुप्तावस्थेत असतात. त्यांचा शोध 1961 साली अलेक्झांडर माउरो यांनी लावला. तुटलेला तंतू सांधण्याचे काम त्यांचेच. तरंगांनी या पेशींनाही जाग येत असावी, असा प्राण्यांवरील प्रयोगांचा रोख आहे.

तथापि मनुष्याच्या ताज्या स्नायुदुखापतीबाबत पुरावा अद्याप तोकडा आहे. टाचेच्या व खांद्याच्या जुनाट दुखण्यांत जो आधार मिळतो, तो येथे गृहीत धरता येत नाही. शिवाय हा उपचार सर्वांसाठी नाही. रक्त न गोठण्याचा विकार असल्यास, अर्बुदाच्या जागी अथवा फुफ्फुसावर तो वर्ज्य मानतात.

खरा धोका घाईत आहे. सामना तोंडावर असतो, कराराची चिंता असते, आणि ठोक्यांनी वेदना ओसरली की खेळाडूस आपण बरे झालो असे वाटू लागते. परंतु वेदना थांबणे आणि तंतू बळकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कच्च्या सांध्यावर पूर्ण भार पडला, तर त्याच ठिकाणी पुन्हा दुखापत होते आणि ती बहुधा पहिलीहून अधिक काळ खेळाडूस मैदानाबाहेर ठेवते. म्हणून क्रमाक्रमाने वाढवीत नेलेला व्यायाम हाच आजही उपचाराचा कणा आहे. यंत्राने त्यास साहाय्य करावे. त्याची जागा घेऊ नये.