धडक किरकोळ, तरी थांबायचेच

वेल्ह्याहून पासलीमार्गे मढे घाटाकडे निघालेल्या सायकलस्वाराला दुचाकीने नुसता धक्का देऊन पाडले, तरी मोटार वाहन कायदा १९८८चे कलम १३४ लागू होते. चालकाने थांबून जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात.

चूक कोणाची, हा वाद रस्त्यात नको. आधी कडेला व्हावे, गाडीचा नंबर आणि साक्षीदाराचा फोन टिपावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

मग सायकलचे पुढचे चाक उचलून फिरवावे. रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल, तर चाक आऊट झाले आहे. चाक धरणारा चिमटा वाकला असेल, तर सायकल हातात धरूनच न्यावी. घाटउतारावर ती तशीच चालवण्याचा हट्ट जिवावर बेततो.

डोके आपटले असेल तर हेल्मेट बदलावेच, आतला थर्माकोल धक्का एकदाच झेलतो. उलटी किंवा गुंगी आली, तर तडक दवाखाना गाठावा.