'डीजे' : कर्ता आणि साधन

धाराशिव जिल्ह्यातील मिरवणुकांत 'डीजे लावला' असे म्हणतात, तेव्हा ध्वनिवर्धकांची भिंत अभिप्रेत असते. वस्तुतः ही 'डिस्क जॉकी' या कर्तृवाचक नामाची आद्याक्षरे होत. कर्ता लोपला व साधन त्या नावाचे धनी झाले. त्या कर्त्याचे कौशल्य त्याच्या यंत्रांच्या तुलनेवरून कळते.

१९७२ साली निघालेल्या टेक्निक्स एसएल-१२०० वर पुढे वादक ध्वनिमुद्रिका हाताने मागेपुढे ओढून 'स्क्रॅच'चा ध्वनी काढू लागले. सीडी मात्र यंत्राच्या पोटात फिरते. तिला हात लागत नाही. म्हणून वर निराळे चक्र बसविले. पायोनियर सीडीजे-१००० (२००१) मधील चक्र स्वतः फिरत नाही. त्याचा माथा दाबला की गीत थांबते आणि चक्र फिरवावे तसा ध्वनी उमटतो. कडा फिरवून दोन गीतांची लय जुळविता येते. टेक्निक्स एसएल-डीझेड१२०० (२००४) मध्ये चक्र मोटारीने फिरते, त्यामुळे बोटांना जुन्या तबकडीची ओढ जाणवते. सबब, मिश्रणास पहिले पुरेसे. ध्वनिमुद्रिकेवर हात बसलेल्यास स्क्रॅचसाठी दुसरे अधिक परिचित.

ही निवड हाताच्या सवयीवरून ठरते, आवाजाच्या मोठेपणावरून नव्हे. 'डीजे'च्या रूढ अर्थात नेमका हा हातच दिसेनासा झाला आहे.