बढती आणि घसरण

गेल्या पावसाळ्यात मोखाड्याच्या बाजारात एका तरुणाने आम्हांस गाठले. आवणीची कामे नुकतीच उरकली होती. त्याच्या अंगात इंग्लंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल संघाचा सदरा होता. भिवंडीच्या रस्त्यावर स्वस्तात घेतलेला. त्याने विचारले, "भाऊ, हा संघ खाली गेला म्हणतात. खाली म्हणजे कुठं गेला?" आम्ही त्याला चार वाक्यांत उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांसच पुरे वाटले नाही. म्हणून यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा किमान वेतन आणि रोजगार हमी हे आमचे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आम्ही हा मागून घेतला. आमची शाळा सातवीत संपली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या वर्तमानपत्रांत आणि रात्रीच्या गाडीत. फुटबॉलला तर आमचा पाय कधी नीट लागलाच नाही. तेव्हा कोठे चुकल्यास श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक साधा भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे जव्हारला काय किंवा खोडाळ्याला काय, ज्या स्पर्धा होतात त्या बाद पद्धतीच्या. हरला तो घरी गेला. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत, सगळा निकाल लागतो आणि ढाल व रोख रक्कम कोणाच्या तरी हाती पडते. ह्याच्या उलट साखळी पद्धत. तीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. मोसम आठ-नऊ महिने चालतो. बाद पद्धत म्हणजे रोजंदारी आणि साखळी म्हणजे महिन्याचा पगार, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले होते. एका दिवसाच्या नशिबाला साखळीत फारसे मोल नाही. तेथे हजेरीपट पाहिला जातो.

आता अशा अनेक साखळ्या एकीवर एक रचल्या की शिडी तयार होते. मोसमाच्या शेवटी खालच्या साखळीतले पहिले काही संघ वर जातात, ही बढती. आणि वरच्या साखळीतले तळाचे तितकेच खाली येतात, ही घसरण. मुंबईच्या क्रिकेटशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवे नाही. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ह्याच तत्त्वावर उभी राहिली. तिच्या 'ए'पासून 'जी'पर्यंत सात श्रेण्या, आणि त्यांत दरसाल चढउतार. ही लीग भर पावसात खेळली जाते. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या व्यवस्थेचे जन्मगाव इंग्लंड. तिची मुळे आम्ही शोधू लागलो तेव्हा आम्हांस गंमत वाटली, कारण ती शेवटी कामगारांच्या सुट्टीपाशी जाऊन पोचतात. १८५० सालच्या कायद्याने तेथल्या कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुले ह्यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवावे लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही ती अर्धी सुट्टी मिळू लागली. त्या मोकळ्या दुपारी मैदाने भरू लागली. (आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली.) १८८८ साली बारा संघांनी मिळून पहिली फुटबॉल लीग काढली, त्यांतले पुष्कळसे गिरण्या-कारखान्यांच्या गावचे होते. १८९२ साली दुसरी श्रेणी आली, १९२० साली तिसरी, १९५८ साली चौथी.

परंतु चौथ्या श्रेणीच्या तळाशी शिडी तुटलेली होती. तेथल्या शेवटच्या चार संघांना 'आम्हांला पुन्हा घ्या' असा अर्ज करावा लागे आणि लीगमधले इतर संघ मतदान करीत. आता मते देणारे जुनेच सोबती. ते आपल्यातल्या कमकुवतालाच बहुधा निवडून देत, आणि खालून चांगला खेळणारा संघ वर्षानुवर्षे दारातच उभा राही. बदली कामगाराने वीस वर्षे गेटवर उभे राहावे आणि कायम कोणाला करायचे हे आत असलेल्यांनीच ठरवावे, तशातला हा प्रकार. १९८७ साली मात्र ते मतदान जाऊन नियम आला : तळाचा एक संघ आपोआप खाली आणि खालचा विजेता आपोआप वर. त्या वर्षी लिंकन सिटी खाली गेला आणि समुद्रकाठच्या स्कारबरो गावचा संघ वर आला. लिंकन पुढच्याच वर्षी परतलादेखील.

ह्या स्कारबरोची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ८ मे १९९९ हा चौथ्या श्रेणीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. प्रत्येक संघाचे सेहेचाळीस सामने, त्यांतला सेहेचाळीसावा. तळाला दोघे, स्कारबरो आणि उत्तर टोकाचा कार्लाइल युनायटेड. दोघांतला एक जाणार. स्कारबरोचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि लोक मैदानात उतरून नाचू लागले, कारण तिकडे कार्लाइलचाही सामना १-१ वरच होता आणि तो तसाच संपला की स्कारबरो वाचणार होता. कार्लाइलजवळ त्या दिवशी स्वतःचा गोलरक्षकसुद्धा नव्हता. जिमी ग्लास नावाचा एक गोलरक्षक दुसऱ्या संघाकडून तीन सामन्यांपुरता उसना आणलेला. वेळ संपली, वाढीव वेळही संपत आली, शेवटचा कोपरा-फटका मिळाला आणि हा उसना गोलरक्षक आपला गोल मोकळा टाकून पुढे धावत गेला. चेंडू त्याच्या पायाशी आला. त्याने तो मारला. गोल! कार्लाइल वाचला, स्कारबरो खाली गेला. लीगमध्ये आपोआप बढती मिळविणारा पहिला संघ बारा वर्षांनी ह्या रीतीने बाहेर पडला. पुढे कर्ज वाढत गेले आणि २००७ साली तो संघ मोडला. पण गावकऱ्यांनी त्याच साली नवा संघ काढून शिडीच्या खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात केली. पायरी होती म्हणून त्यांना पाय ठेवता आला.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईला फुटबॉल नवा नव्हे. रोव्हर्स चषक १८९१ चा आणि हार्वूड लीग १९०२ ची. एके काळी येथले नावाजलेले संघ कचेऱ्या, बँका, रेल्वे आणि कंपन्या ह्यांचे असत. खेळाडूला नोकरी मिळे आणि पाय थकले तरी नोकरी राही. त्या पद्धतीचे दोष आम्हांस ठाऊक आहेत, पण चूल पेटती राही हे खरे. पुढे ते संघ एकेक करून गेले. २००६ साली देशाचे विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेडदेखील थोड्याच वर्षांत मालकांनी बंद केला. २००७ साली निघालेला मुंबई एफ.सी. हा नव्या पद्धतीचा, केवळ फुटबॉलपुरता संघ. २००८ साली दुसरी श्रेणी जिंकून तो आय-लीगमध्ये गेला आणि नऊ मोसम तेथे राहिला. पैसा बेताचा, विजेतेपदाची आशा नाही. दरसाल तळापासून स्वतःला वाचवायचे एवढेच काम. त्यांतली सात वर्षे खालिद जमील हे त्याचे शिक्षक होते. तळाशी राहून न बुडण्याची विद्या ह्या माणसाला येत होती. २०१६ साली संघाने त्यांना निरोप दिला.

त्याच साली दुसरीकडे एक विचित्र गोष्ट घडली. नऊ संघांच्या आय-लीगमध्ये शेवटचा, म्हणजे नववा, आला पुण्याचा डी.एस.के. शिवाजियन्स. पण तो त्याच वर्षी थेट घेतलेला कंपनीचा संघ, म्हणून त्याला घसरणीचा नियम लागू नव्हता. मग खाली कोण गेले? आठवा आलेला मिझोरामचा ऐझॉल. तो मात्र दुसरी श्रेणी जिंकून, घाम गाळून वर आलेला होता. पैशाने आला तो राहिला आणि कष्टाने आला तो गेला. आमच्या धंद्यात अशी उदाहरणे आम्ही इतकी पाहिली आहेत की ऐकून नवल वाटले नाही, चीड मात्र आली. पुढे फेडरेशनच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन गोव्याच्या संघांनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आले. खालिद जमील ह्यांना ऐझॉलने नेमले.

आणि २०१७ साली काय झाले? ३० एप्रिलला शिलाँगच्या मैदानावर शेवटच्या सामन्यात १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. आदल्या वर्षी काढून टाकलेला संघ देशाचा विजेता! आणि दहा संघांच्या त्या यादीत अगदी शेवटी, दहाव्या जागी, मुंबई एफ.सी. होता.

येथपर्यंत हा खेळ आहे, आणि खेळ म्हणून आम्हांस त्याविरुद्ध तक्रार नाही. जो शेवटी आला तो उतरला. पण इंग्लंडचा लिंकन सिटी उतरला आणि वर्षभरात परत चढला. मुंबई एफ.सी. उतरला आणि बंदच झाला. त्याच उन्हाळ्यानंतर पुण्याचा तो संघही राहिला नाही. म्हणजे घसरण माफ असूनही तो वाचला नाही. संघ टिकतो तो नियमाने किंवा माफीने नव्हे. खाली गेल्यावरही तिकीट काढून येणारी माणसे असतील आणि त्याची मालकी थोडीतरी त्या माणसांची असेल, तर टिकतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ह्यांचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहेत ते ह्याच कारणाने. ते पेठेचे आहेत. पेठ काही ताळेबंद पाहून संघ मोडीत काढीत नाही.

इंडियन सुपर लीग २०१४ साली निघाली ती शिडीवाचून. मालकांनी पैसे भरून जागा घेतल्या, तेव्हा त्यांना खाली कसे पाठवायचे? २०२३ साली पंजाब एफ.सी. आणि २०२४ साली मोहम्मेडन स्पोर्टिंग हे आय-लीग जिंकून तीत चढले, म्हणजे वरची वाट उघडली. परंतु २०२५ साली संपलेल्या मोसमापर्यंत तळाच्या कोणत्याही संघाला खाली उतरावे लागले नाही. एकाच बाजूने चढता येणाऱ्या शिडीला काय म्हणावे हे श्रोत्यांनीच ठरवावे. आम्ही तिला माळा म्हणतो.

मोखाड्याच्या त्या तरुणाला आम्ही नंतर पुन्हा भेटलो, ह्या खेपेस त्याचे सोबतीही होते. आपल्याकडे साखळी का होत नाही, असा प्रश्न निघाला. कारण उघड आहे. दिवाळी झाली की माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, वसई, भिवंडी, कल्याणकडे, ती पावसाच्या तोंडावर परततात. आठ महिन्यांची साखळी खेळायला गावात आठ महिने राहावे लागते. म्हणून आपल्या वाट्याला एक दिवसाची बाद स्पर्धा येते; ती आपली आवड नव्हे, आपली अडचण आहे. तेव्हा आम्ही कांगा लीगची आठवण दिली. चिखलात क्रिकेट होते, मग फुटबॉलला कोणती हरकत? आवणीनंतरच्या दिवसांपासून भातकापणीपर्यंत माणसे घरी असतात. रविवारी एक सामना म्हटला तरी दहा-बारा रविवार सापडतात.

पोरांनी जवळपासच्या पाड्यांचे संघ मोजले, ते अकरा भरले. वर सहा आणि खाली पाच अशा दोन श्रेण्या कराव्यात येथवर सर्वांचे जमले. पहिल्या वर्षी खालच्या श्रेणीत कोणी बसायचे, ह्यावर मात्र अजून एकमत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात असे आमचे मत आम्ही दिले आहे. भट्टीवरची मंडळी परत आली की पुन्हा बसायचे ठरले आहे.