निजायची जागा

मुंबईत ख्रिस्ती माणसाच्या अंत्यविधीला निघालेले लोक 'सिमेट्रीत जातोय' असं अगदी सहज म्हणतात. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीकांच्या तोंडी तो होता 'कोइमेतेरिअन' आणि त्याचा स्मशानाशी काही संबंध नव्हता. निजायची जागा, एवढाच त्याचा साधा अर्थ. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी हा घरगुती शब्द उचलला आणि आपल्या कबरींना दिला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थबकलो. निजलेला माणूस उठतो. जे मानायला अख्खं आयुष्य अपुरं पडावं, ते त्यांनी एका शब्दात ठेवलं होतं, तेही कुणाला उपदेश न करता.

त्यांच्या शेजाऱ्यांच्या थडग्यांवर काय लिहिलेलं असे ते पाहिलं म्हणजे या शब्दाचं धाडस कळतं. पूर्वी मी नव्हतो, मग होतो, आता नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही, अशा आशयाचं वाक्य रोमन थडग्यांवर इतकं रुळलेलं होतं, की पाथरवट त्याची नुसती आद्याक्षरं कोरत. वाचणाऱ्याला ती पुरत. त्याच रस्त्यांच्या कडेला, त्याच शहरात, दुसरे काही लोक आपल्या मेलेल्यांना 'निजवत' होते.

शहराच्या वेशीच्या आत मृतांना जागा द्यायची नाही, असा रोमचा जुना कायदा होता. त्यामुळे अ‍ॅपियन मार्गासारख्या हमरस्त्यांलगत, वेशीबाहेर, जमिनीखाली बोगदे खणले गेले. तिथला दगड आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या स्वभावाचा. खणताना मऊ, वारा लागला की टणक. म्हणून त्यात मजल्यांखाली मजले खणता आले. रोमभोवती अशी 60 हून अधिक भुयारी दफनस्थानं आहेत. ख्रिस्ती लोक छळाच्या काळात तिथे लपून राहत, ही गोष्ट कथा-सिनेमांनी पसरवली. ती खरी नाही. ती लपण्याची जागा नव्हती, दफनाची होती.

त्यांतल्या एकाची देखरेख इ.स. 199 च्या सुमारास कॅलिक्स्टस नावाच्या माणसाकडे आली. एके काळी तो गुलाम होता. पुढे तो रोमचा बिशप, म्हणजे पोप झाला आणि त्या दफनस्थानाला आजही त्याचंच नाव आहे. आत दोन्ही भिंतींत फडताळांसारखे कोनाडे आहेत, एकावर एक. देह ठेवायचा, पुढून कौलं किंवा संगमरवराची फळी लावायची आणि चुन्याने सांधायचं. श्रीमंतांची चितारलेली दालनंही आहेत, नाही असं नाही. पण बहुतेक कोनाडे साधे आणि कितीतरी बिननावाचे. नाव कोरून घ्यायला पैसे नसलेल्यांनी ओल्या चुन्यात एखादं नाणं, काचेचा तुकडा, शिंपला दाबून ठेवला आहे. आपलं माणूस कुठे निजलंय, हे पुन्हा आल्यावर ओळखता यावं म्हणून.

आणि काही फळ्यांवर कोरलेला आहे नांगर. शेतातला नव्हे, गलबताचा. नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, तोच हा. मराठी बायबल वाचताना देशावरच्या माणसाला इथे क्षणभर नांगरट आठवते, कोळीवाड्यातल्या माणसाला मात्र तो लगेच उमगतो. नांगर पाण्याखाली असतो, दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की वादळात बाकीची गलबतं भरकटतात आणि हे एक जागचं हलत नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ही आशा बाहेरच्यांना कळली कशी? त्यांची प्रभुभोजनाची उपासना बाप्तिस्मा न झालेल्यांना बंद होती. आत यायचं तर बरीच तयारी करावी लागे. तिसऱ्या शतकाच्या परंपरेतल्या एका नियमग्रंथात तीन वर्षांची शिकवणी सांगितली आहे. चौकात उभं राहून व्याख्यानं देण्याजोगी परिस्थिती नव्हती. मग लोकांना दिसत काय होतं?

हात दिसत होते. कार्थेजच्या टर्टुलियनने 197 च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, की त्यांच्यात दर महिन्याला ज्याला जमेल तो जमेल तेवढं देई आणि त्या पैशातून गरिबांना जेवू घालत आणि मातीही देत. रोममध्ये इतरांच्याही दफनमंडळ्या होत्या, पण तिथे वर्गणी भरणाऱ्याचीच सोय होई. 251 साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात सांगतो, की आमची मंडळी 1,500 हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. ज्या मंडळीला कायद्याचा आधार नव्हता, तिचा हा आकडा आहे.

मग साथ आली. 249 च्या सुमारास सुरू होऊन दहा-बारा वर्षं तिने साम्राज्य पिंजून काढलं. कार्थेजचा बिशप सिप्रियन तिची लक्षणं लिहून गेला: न थांबणारे जुलाब आणि उलट्या, घशात व्रण, रक्ताळलेले डोळे. त्याने आपल्या लोकांना गोळा करून सांगितलं, की फक्त आपल्या माणसांची सेवा करण्यात विशेष काही नाही, छळणाऱ्यांचीही करा. ही हकिकत त्याचा चरित्रकार पोंटियस देतो. हे सगळे जन्मजात शूर होते असं मात्र नाही. 250 च्या छळात कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला देवतांना बळी दिले आणि खुद्द सिप्रियन लपून राहिला होता. तोच माणूस 258 मध्ये शांतपणे तलवारीखाली मान ठेवतो. भित्र्या माणसांमध्ये मुरत गेलेली ही आशा मला वीरकथेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

अलेक्झांड्रियात डायोनिसियसने लिहिलं, की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांना कवेत घेत, मेलेल्यांचे डोळे मिटत, अंग धूत, कफन गुंडाळत आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यामागून जात. इतर लोक मात्र जीव जाण्याआधीच आप्तांना रस्त्यावर टाकत, असंही तो म्हणतो. तो बिशप होता, आपल्यांचं कौतुक करणारच. तेव्हा त्याच्या साक्षीतलं थोडं वजा धरावं.

पण विरोधकाची साक्ष कशी वजा करणार? सम्राट जुलियनला ख्रिस्ती धर्म मागे सारून जुन्या देवतांची पूजा पुन्हा उभी करायची होती. 362 साली त्याने एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिलं. या लोकांचा पंथ वाढला कशामुळे, याची कारणं तो त्यात देतो: परक्यांविषयीचा कळवळा, मृतांच्या दफनाची काळजी आणि वागण्यातलं पावित्र्य. हे पावित्र्य त्याच्या मते ढोंगी होतं, पण त्याची दखल त्याला घ्यावीच लागली. पुढे तो म्हणतो, की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट आहे.

तो पुजारी होता गलतीया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. आता नव्या करारातलं पेत्राचं पहिलं पत्र काढून पाहा. ते ज्या पाच प्रांतांतल्या विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं आहे, त्यांत गलतीया आहे. त्या मूठभर लोकांना पेत्र सांगतो, की तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या. विचारलं तर! म्हणजे आधी समोरच्याला प्रश्न पडला पाहिजे, असं तुमचं जगणं हवं. त्यानंतर जवळपास तीन शतकांनी त्याच गलतीयाबद्दल साम्राज्याचा धनी तोच प्रश्न विचारत होता: या लोकांचं असं काय आहे?

मराठी ख्रिस्ती माणूस गेला की 'ख्रिस्तवासी झाला' म्हणतात. कुठे तरी राहायला गेला, असाच त्याचा सूर. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मुंबईतल्या कॅथलिक दफनभूमींत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. त्या संध्याकाळी शिवडीकडे गेलात तर आत डोकावा आणि एखाद्या दगडावर नांगर कोरलेला दिसतो का, ते पाहा.