अग्निशामक पंपाचे पूर्वभरण

आगीच्या बंबावरील केंद्रोत्सारी पंपाने नदी, तलाव, विहीर, जमिनीखालील टाकी इ. खालच्या पातळीवरील साठ्यांतून पाणी उचलावे, यासाठी पंपाच्या कवचातील व चूषण नळातील (साठ्यापासून पंपापर्यंतच्या नळातील) हवा प्रथम काढून टाकून तेथे पाणी भरून घेण्याच्या क्रियेस पूर्वभरण असे म्हणतात. अग्निशामक दलांत ही क्रिया ‘प्रायमिंग’ या नावाने व ती घडवून आणणारे साधन ‘प्रायमर’ या नावाने रूढ आहे. पंपाचे एंजिन कितीही शक्तिमान असले, तरी पूर्वभरण साधले नाही तर आगीवर पाण्याचा थेंबही पडत नाही. त्यामुळे बंबाच्या सर्व यंत्रणेत आकाराने लहान असूनही प्रायमरला निर्णायक महत्त्व आहे.

पूर्वभरणाची गरज : केंद्रोत्सारी पंपात इंपेलर या नावाने ओळखले जाणारे पात्यांचे चक्र वेगाने फिरते. चक्राच्या मध्याशी आलेले पाणी पात्यांबरोबर फिरत परिघाकडे फेकले जाते व त्याला मिळालेल्या गतिज ऊर्जेचे कवचात दाबात रूपांतर होते. मध्याशी त्यामुळे दाब कमी होतो आणि साठ्याच्या पृष्ठावरील वातावरणीय दाब चूषण नळातून आणखी पाणी वर ढकलतो. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणत असलो, तरी वस्तुतः पाणी वर चढते ते हवेच्या दाबामुळे.

चक्राच्या ठराविक वेगाला पंप द्रायूला (द्रव वा वायूला) जी उंची देऊ शकतो, ती द्रायूच्या घनतेवर अवलंबून नसते. परंतु त्या उंचीमुळे निर्माण होणारा दाब मात्र घनतेच्या प्रमाणात असतो. पाण्याची घनता हवेच्या घनतेच्या ८०० पटींहून अधिक आहे. जो पंप ७० मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. ७ किग्रॅ. दाब निर्माण करतो, तोच पंप हवेने भरलेला असताना त्याच वेगाने फिरविला, तर ७० मी. उंचीच्या हवेच्या स्तंभाइतकाच दाब देतो. हा दाब पाण्याच्या जेमतेम ८ सेंमी. उंचीएवढा भरतो. म्हणजे नळाचे टोक पाण्यात बुडवून कोरडा पंप फिरविला, तर नळात पाणी सु. ८ सेंमी. चढेल व तेथेच थांबेल. शिवाय पाण्याअभावी पंपाची आसाभोवतालची सील तापून खराब होतील, ते वेगळेच.

दट्ट्याच्या पंपाची गोष्ट निराळी आहे. त्यात सिलिंडरातील आकारमान प्रत्यक्ष वाढते व कमी होते; त्यामुळे तो हवाही बाहेर टाकू शकतो आणि स्वतःचे पूर्वभरण स्वतःच करतो. एकोणिसाव्या शतकातील हाताने चालणारे व वाफेचे बंब या प्रकारचे होते. विसाव्या शतकात पेट्रोल व डीझेल एंजिनांबरोबर केंद्रोत्सारी पंप बंबावर आला. अखंड प्रवाह, कमी वजन आणि वेगाने फिरणाऱ्या एंजिनाशी सरळ जोडता येणे, हे त्याचे फायदे होते. तथापि हवा हाताळता न येण्याचे वैगुण्यही त्याच्याबरोबर आले. ते दूर करण्यासाठी प्रायमरची जोड द्यावी लागली.

चूषणाची मर्यादा : पूर्ण निर्वात निर्माण केला, तरी समुद्रसपाटीला वातावरणीय दाब पाणी १०·३ मी.पेक्षा उंच चढवू शकत नाही. चूषण पंपाच्या या मर्यादेचा खुलासा टोरिचेल्ली यांच्या १६४३ मधील पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाने झाला. प्रत्यक्षात नळातील घर्षण, गाळणीचा अडथळा, पाण्याला गती देण्यासाठी लागणारा दाब व पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब (३०° से.ला सु. ०·४ मी.) वजा जाता सु. ७ मी. एवढीच उंची उपयोगी पडते. उंची वाढेल तसा पंपाचा प्रवाहही घटत जातो.

ठिकाणाच्या उंचीबरोबर हवेचा दाब कमी होत असल्याने ही मर्यादा स्थलपरत्वे बदलते. मुंबईत पाण्याच्या १०·३ मी. स्तंभाएवढा असलेला वातावरणीय दाब सु. ६०० मी. उंचीवर ९·६ मी. व सु. १,३७० मी. उंचीच्या महाबळेश्वरच्या पठारावर ८·८ मी. भरतो. मुंबईच्या बंदरावर ज्या पंपाने ७ मी. खोलीवरून पाणी उचलले, तोच पंप घाटमाथ्यावर नेल्यास तेवढ्या खोलीवरून पाणी उचलीलच असे नाही.

पूर्वभरण केव्हा लागते : बंबावरील टाकी पंपापेक्षा उंच असल्यास टाकीतील पाणी गुरुत्वाने पंपात उतरते. रस्त्यावरील हायड्रंटचे पाणी दाबाखाली असते. या दोन्ही बाबतींत पंपातील हवा बाहेर जाऊ दिली म्हणजे पुरते. प्रायमरची गरज भासत नाही. परंतु टाकीतील साठा फार काळ टिकत नाही. ४,५०० लि.ची टाकी दर मिनिटास ४५० लि. पाणी सोडणाऱ्या दोन फवाऱ्यांना फक्त पाच मिनिटे पुरते. त्यानंतर उघड्या साठ्याकडे वळावे लागते व फवारा खंडित होणार की चालू राहणार, हे पूर्वभरणावर ठरते.

१० सेंमी. व्यासाच्या व १० मी. लांबीच्या चूषण नळात सु. ७८ लि. हवा असते, पंपाच्या कवचातील हवा आणखी वेगळी. ही हवा काही सेकंदांत काढणे हे प्रायमरचे काम होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकानुसार दर मिनिटास ५,७०० लि.पेक्षा कमी क्षमतेच्या पंपाचे पूर्वभरण ३० सेकंदांत व त्याहून मोठ्या पंपाचे ४५ सेकंदांत झाले पाहिजे. भारतात बंब व ओढपंप यांविषयीच्या भारतीय मानकांत (उदा., आयएस ९४४, आयएस ९५०) पंपांबरोबरच त्यांच्या पूर्वभरणाविषयीही अपेक्षा नमूद केलेल्या असतात.

प्रायमरचे प्रकार : (१) दट्ट्याचा प्रायमर : मुख्य पंपाच्या आसावरून चालणारे एक वा दोन छोटे दट्टे हवा खेचून बाहेर टाकतात. काही रचनांत पंपाचा दाब वाढला म्हणजे त्याच दाबाने दट्टे आसापासून दूर सारले जातात व दाब गेला की ते पुन्हा कामास लागतात. चालकास काही करावे लागत नाही, हा या स्वयंचलित रचनेचा मोठा गुण होय.

(२) जलवलय प्रायमर : गोल कवचात मध्यापासून बाजूला बसविलेले पात्यांचे चक्र फिरते. कवचातील थोडेसे पाणी केंद्रोत्सारी प्रेरणेने भिंतीलगत वलयाच्या रूपात फिरू लागते. चक्र मध्यापासून ढळलेले असल्यामुळे दोन पात्यांमधील मोकळी जागा एका बाजूस वाढते व तेथे हवा आत येते. दुसऱ्या बाजूस ती आकुंचन पावते व हवा बाहेर ढकलली जाते. यात धातूवर धातू घासत नसल्याने झीज कमी होते. मात्र प्रायमरची स्वतःची छोटी टाकी भरलेली असावी लागते. ती कोरडी राहिल्यास वलयच तयार होत नाही. वलयातील पाणी तापल्यासही निर्वाताचे प्रमाण घटते.

(३) पात्यांचा फिरता प्रायमर : मध्यापासून ढळलेल्या दंडगोलाच्या खाचांतून सरकणारी पाती कवचाला घासत हवा पुढे ढकलतात. हा प्रायमर बहुधा बॅटरीवरील विद्युत् चलित्राने (मोटरने) चालतो. त्यामुळे एंजिनाचा वेग वाढविण्याची गरज नसते. काही रचनांत पात्यांच्या वंगणासाठी तेलाची छोटी टाकी असते. चलित्र फार वेळ सलग चालविल्यास ते तापते व बॅटरीही उतरते.

(४) निष्कास वायूचा प्रायमर : एंजिनाचे निष्कास वायू (बाहेर पडणारे जळके वायू) झडपेने अडवून अरुंद तोटीतून वेगाने सोडले, म्हणजे तोटीभोवतीचा दाब कमी होतो व पंपातील हवा त्यांच्याबरोबर ओढली जाते. यात फिरणारा भाग एकही नाही. परंतु काजळीमुळे झडप नीट न बसणे, एंजिन जोरात चालवावे लागणे व निष्कासावर पडणारा उलटा दाब यांमुळे टर्बोभरक असलेल्या आधुनिक डीझेल एंजिनांना ही पद्धत सोयीची नाही.

(५) संपीडित (दाबलेल्या) हवेचा प्रायमर : याचेही तत्त्व वरीलप्रमाणेच असून निष्कास वायूंऐवजी वाहनाच्या ब्रेकसाठी साठविलेली संपीडित हवा वापरतात. ब्रेकचा दाब धोक्याच्या पातळीखाली जाऊ नये, अशी योजना त्यात करावी लागते.

(६) हाताने भरण : चूषण नळाच्या तळाशी एकाच दिशेने उघडणारी झडप (फूट व्हॉल्व्ह) बसवून वरून पाणी ओततात. नदीकाठी शेतकरी बादलीने पाणी ओतून पंप सुरू करतो, ती हीच पद्धत. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात (स्था. १९१०) तयार झालेल्या पंपांनी हे तंत्र खेड्यापाड्यांत पोहोचविले. बंबाला ती वेळखाऊ ठरते. मात्र कारखान्यांतील स्थिर अग्निपंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवावा लागल्यास तळझडप व नेहमी भरलेली पूर्वभरण-टाकी यांची योजना करतात.

कार्यपद्धती व दोष : चूषण नळाचे सांधे घट्ट करून गाळणी पाण्याखाली पुरेशी बुडवितात, बहिर्गामी (पाणी बाहेर सोडणाऱ्या) व निचऱ्याच्या झडपा बंद करतात आणि प्रायमर चालू करतात. निर्वातमापकाचा काटा चढत जातो. प्रायमरमधून अखंड पाणी पडू लागले व दाबमापक दाब दाखवू लागला, म्हणजे प्रायमर बंद करून बहिर्गामी झडप सावकाश उघडतात. ती एकदम उघडल्यास नळातील पाण्याचा स्तंभ तुटून सर्व क्रिया पुन्हा करावी लागण्याचा संभव असतो.

पाणी न आल्यास दोष शोधण्यास निर्वातमापकच मदत करतो. काटा मुळीच चढत नसेल किंवा थोडा चढून थांबत असेल, तर कोठून तरी हवा शिरत आहे असे समजावे : सांध्यातील रबरी वायसर निसटणे, निचऱ्याची तोटी उघडी राहणे, आसाचे सील झिजणे किंवा गाळणी उघडी पडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. उलट काटा खूप चढूनही पाणी येत नसेल, तर गाळणी तुंबलेली आहे वा खोली मर्यादेपलीकडे आहे, असा अर्थ होतो. ७ मी. उंचीला मापकावर सु. ५१५ मिमी. पाऱ्याइतका निर्वात दिसावयास हवा. नळ साठ्यापासून पंपापर्यंत सतत चढता असावा. पुलाच्या कठड्यावरून तो उंच नेऊन पुन्हा खाली आणल्यास त्या उंचवट्यात हवा अडकून राहते. पंप चालू असताना आत खडी फिरत असल्यासारखा आवाज येऊ लागल्यास चूषणाच्या मानाने प्रवाह जास्त होऊन पाण्यात बाष्पाचे बुडबुडे होत आहेत असे समजून प्रवाह कमी करतात.

औद्योगिक क्षेत्रातील महत्त्व : पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीकाठचे गाव या विषयाचे चांगले उदाहरण आहे. चाकण औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारात गावाच्या परिसरात फोक्सवॅगन (२००९) व महिंद्र (२०१०) यांचे मोटारगाड्यांचे कारखाने सुरू झाले व त्यांच्याभोवती सुटे भाग, रबर, प्लॅस्टिक, रंग व वेष्टनसाहित्य यांची गुदामे वाढली. नदीपलीकडील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या जागेस लागलेल्या आगीत अनेक स्त्री-कामगार मृत्युमुखी पडल्या. अशा स्फोटक आगीत माणसे वाचविण्याचा अवधी बंब पोहोचण्यापूर्वीच संपतो. तेथे प्रतिबंध हाच उपाय होय. परंतु गुदामाची आग तासन्‌तास चालते. त्या वेळी बंबांच्या टाक्या पुरत नाहीत आणि कारखान्याची जमिनीखालील टाकी, विहीर वा नदी यांचा आधार घ्यावा लागतो.

या साठ्यांचे स्वरूप वर्षभर सारखे राहत नाही. पावसाळ्यात नदीची पातळी काठाजवळ येते, पण गाळ व कचरा गाळणीत अडकतो. उन्हाळ्यात पाणी खाली जाते व जलपर्णीचा थर पृष्ठभाग झाकून टाकतो. उन्हाळ्यात पाणी ८–१० मी. खोल गेलेल्या विहिरीतून काठावरच्या बंबाला कोणत्याही प्रायमरने पाणी उचलता येत नाही. अशा वेळी उचलता येण्याजोगा छोटा पंप खाली उतरवून किंवा पाण्यात बुडणारा वा तरंगता पंप वापरून पाणी वर ढकलावे लागते. यासाठी बंब नेमका कोठे उभा करता येईल, तेथून पाण्याची पातळी उन्हाळ्यात किती खोल असते व नळाच्या किती लांब्या लागतील, यांची नोंद आग लागण्यापूर्वीच झालेली असणे अगत्याचे असते.

चाचणी : पंपाची हवाबंद स्थिती पाहण्यासाठी पाण्याविना चाचणी करतात. चूषण मार्गावर टोपणे लावून प्रायमरने निर्वात निर्माण करतात व प्रायमर बंद करून काटा किती वेगाने उतरतो ते पाहतात. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन मानकानुसार सु. ५६० मिमी. पाऱ्याइतका निर्वात निर्माण झाला पाहिजे व पाच मिनिटांत त्यात २५४ मिमी.पेक्षा अधिक घट होता कामा नये. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयासारख्या (स्था. १९५६) संस्थांत पंपचालनाचे शिक्षण दिले जाते. तथापि चाचणी ठाण्यावर नियमाने होणे महत्त्वाचे असते; कारण बंब बहुतेक वेळा टाकीतील पाण्यावरच चालत असल्याने प्रायमर दीर्घकाळ न वापरता पडून राहतो आणि त्यातील बिघाड टाकी रिकामी झाल्यानंतरच, म्हणजे प्रत्यक्ष आगीपुढे, लक्षात येतो. [→ पंप].