प्रबंधलेखनातील शीर्षकांची योजना

शोधनिबंध तपासताना परीक्षक संदर्भ पाहतात, भाषा पाहतात, निष्कर्ष पाहतात. शीर्षकांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मजकूर पुरा झाल्यावर दोन-चार ठळक शब्द मधूनमधून पेरले की काम भागले, असा समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. शीर्षक ही लेखकाने वाचकापाशी केलेली प्रतिज्ञा असते, आणि आपल्याला नेमके काय म्हणावयाचे आहे हे लेखकाला स्वतःला कळले आहे की नाही, याची पहिली परीक्षा तेथेच होते.

ही सोय छापखान्याबरोबर पश्चिमेकडून आली असे मानण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राचा पहिला अध्याय म्हणजे 15 अधिकरणे व 180 प्रकरणे यांची अनुक्रमणिकाच आहे. ग्रंथाच्या अखेरीस शास्त्ररचनेच्या 32 तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील दुसरी 'विधान', म्हणजे प्रकरणांची क्रमवार मांडणी. मराठीत लीळाचरित्रातील लीळांना स्वतंत्र नावे आहेत. ज्ञानेश्वरीत मात्र अध्यायाच्या पोटात उपशीर्षके नाहीत. तेथे विषय पालटला की श्रोत्यांना संबोधून तशी जाणीव दिली जाते. आपल्या कीर्तनातही पूर्वरंग संपून आख्यान सुरू होते, ते मधल्या नामगजरावरून कळते. बुवांना निराळे सांगावे लागत नाही. कागदाला आवाज नाही. बोलणाऱ्याने जे स्वराने साधले, ते लिहिणाऱ्याला शीर्षकाने साधावे लागते.

या दृष्टीने दासबोध हा ग्रंथ विद्यार्थ्यांनी अवश्य चाळावा. 20 दशक, प्रत्येकात 10 समास, असे 200 समास, आणि प्रत्येकाला नाव. पहिल्याच समासात समर्थ श्रोत्यांच्या शंका पुढे मांडतात : हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, श्रवणाने लाभ कोणता? आजच्या प्रबंधाच्या प्रास्ताविकाकडून आपण याहून निराळे काय मागतो? पण खरी गंमत नावांच्या घडणीत आहे. पहिल्या दशकात गणेशस्तवन, शारदास्तवन, सद्गुरुस्तवन अशी 'स्तवने' आहेत. दुसऱ्यात मूर्खलक्षण, रजोगुणलक्षण, तमोगुणलक्षण ही 'लक्षणे', आणि त्यांच्यातच भक्तिनिरूपण व सद्विद्यानिरूपण ही 'निरूपणे'. स्तवनात गौरव, लक्षणात ओळखण्याच्या खुणा, निरूपणात उलगडा. म्हणजे विषय कोणता एवढेच नव्हे, तर त्या विषयाचे येथे काय करणार, हेही शीर्षकच सांगते. आमच्या विद्यार्थ्यांची 'तुकारामांची भाषा' किंवा 'स्त्री आणि समाज' ही शीर्षके येथेच उणी पडतात. भाषेचे वर्णन होणार, तुलना होणार की मूल्यमापन, याचा पत्ता लागत नाही. (जाता जाता सांगतो : एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि कागदावर चहूबाजूंनी जागा सोडून लिहावे असे त्यात बजावले आहे. वहीतल्या त्या मोकळ्या जागेलाही आपण समासच म्हणतो.)

अर्वाचीन काळातील उत्तम नमुना म्हणजे लोकमान्यांचा गीतारहस्य हा 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. त्याची 15 प्रकरणे नुसत्या नावांनी वाचून पाहावीत. 'विषयप्रवेश', 'कर्मजिज्ञासा', 'कर्मयोगशास्त्र' असा प्रश्न उभा राहतो. मग चौथ्यात 'आधिभौतिक सुखवाद', सहाव्यात आधिदैवतपक्ष, नवव्यात 'अध्यात्म', अशी विचाराची पायरी चढत जाते, आणि अकराव्यात 'संन्यास व कर्मयोग' हा मुख्य वाद समोरासमोर येतो. पुस्तक न उघडताही युक्तिवादाची दिशा ध्यानात यावी, अशी ही योजना आहे. परिशिष्टात 'गीता व महाभारत', 'गीता व उपनिषदें', 'गीता व ब्रह्मसूत्रें' अशी एकाच साच्याची नावे आहेत, कारण तेथे एकाच जातीचे काम, संबंध तपासण्याचे, पुनःपुन्हा करावयाचे आहे. कामे समान असतील तर शीर्षकांचे व्याकरण समान असावे. कामे भिन्न असता साचा ओढूनताणून समान करू नये.

शीर्षकांच्या पातळ्यांविषयी विद्यार्थी फार गोंधळतात. त्यांना मी आपल्याच वस्तीचे उदाहरण देतो. पाहुण्याला पत्ता सांगताना आपण आधी मांडवी सांगतो, मग घडियाळी पोळ, मग खडकी, शेवटी घर. मांडवी आणि खडकी एका दमात, एकाच तोलाने कोणी सांगत नाही. तसेच, पोळमध्ये एकच घर असेल तर त्याला क्रमांक कशाला? 2.1 लिहिल्यावर 2.2 नसेल तर तो विभाग पाडलाच नाही असे समजावे. चुकीच्या शीर्षकाखाली गेलेल्या परिच्छेदाची गत भलत्या कपाटात लागलेल्या पुस्तकासारखी होते : ते ग्रंथालयात असते आणि कोणाला सापडत नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयाची घडी बसवून घेतली, तेव्हा वर्गीकरणालाही महत्त्व होते ते याचसाठी.

एका विद्यार्थिनीची प्रबंधिका आठवते. विषय होता बडोद्याच्या मराठीवरील गुजरातीची छाया. शीर्षके नेहमीची : 'प्रास्ताविक', 'ऐतिहासिक पार्श्वभूमी', 'शब्दसंग्रह', 'संकीर्ण'. शेवटच्या 'संकीर्ण'मध्ये सातव्या पानावर एक वाक्य होते : घरात शब्द गुजराती येतो, पण त्याला प्रत्यय मराठीच लागतो. सबंध प्रबंधिकेत तिचे स्वतःचे असे एवढेच होते आणि ते अडगळीत पडले होते. मी तिला 'शब्द उसना, प्रत्यय घरचा' असे शीर्षक करून पुन्हा लिहावयास सांगितले. आठ दिवसांनी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, या शीर्षकाखाली माझी निम्मी उदाहरणे बसतच नाहीत." उरलेल्यांत शब्द सगळे मराठी होते, पण वाक्याची ठेवण गुजराती होती. त्यांच्यासाठी नवा विभाग करावा लागला, आणि आधीचा निष्कर्षही तिला आवरता घ्यावा लागला. 'संकीर्ण'खाली ही अडचण कधीच उघडी पडली नसती.

म्हणून मसुदा झाल्यावर केवळ शीर्षके एका कागदावर उतरवून काढावीत आणि विषय न जाणणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवावीत. शीर्षकाखालचे पहिले वाक्य 'हा प्रश्न' किंवा 'त्याची कारणे' असे शीर्षकाला टेकून सुरू करू नये. शीर्षक झाकले तरी परिच्छेद उभा राहिला पाहिजे. आता संगणक शीर्षकांवरून अनुक्रमणिका आपोआप जुळवितो. मात्र शीर्षक म्हणून नोंद न करता नुसते अक्षर ठळक केले असेल, तर ते त्याला सामान्यतः दिसत नाही. दहा पानांच्या निबंधाला दोन पातळ्या पुष्कळ झाल्या. 'उपसंहार' हे नाव लोकमान्यांना 14 प्रकरणांनंतर शोभले. तीन पानांच्या टिपणाला त्याची गरज नसते.