पानिपतची वार्ता : साधनांच्या विश्वसनीयतेचा विचार

बखरवाङ्मय शिकविताना एक निवाडा हमखास कानी पडतो : पत्र समकालीन म्हणून विश्वसनीय, बखर उत्तरकालीन म्हणून अविश्वसनीय. या निवाड्यामागे वि. का. राजवाडे यांचा अधिकार उभा आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या (१८९८) प्रस्तावनेत त्यांनी अस्सल कागदाच्या चिटोऱ्यालाही बखरींहून अधिक मोल दिले. त्या काळी ते आवश्यकच होते. आज मात्र तो निवाडा परीक्षेतील ठरीव उत्तर होऊन बसला आहे, आणि साधनाला आपण कोणता प्रश्न विचारीत आहोत याचाच विसर पडतो. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत सदाशिवरावभाऊंचे काय झाले, एवढ्या एकाच प्रश्नापुरती पानिपतच्या वार्तेची साधने येथे शेजारी ठेवून पाहावयाची आहेत.

उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची पहिली वार्ता मार्गात अडविलेल्या एका सावकारी पत्रातून कळली, असे सांगितले जाते. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजदाद न होणारे रुपे-तांबे अशा सांकेतिक भाषेतील ते पत्र सर्वपरिचित आहे. सावकाराचा जासूद सर्वांआधी पोहोचावा यात नवल नाही. हुंडीचा व्यवहार वार्तेवरच चालतो आणि खोटी वार्ता पेढी बुडविते. परक्यापासून मजकूर लपविण्यास त्याला कारण होते. स्वतःच्या माणसाला फसविण्यास नव्हते. हानीच्या आकाराविषयी म्हणूनच हा साक्षीदार उत्तम. परंतु मोती नाहीसे झाले म्हणजे भाऊ मारले गेले, की त्यांचा ठाव लागला नाही? रणांगणापासून दूर असलेल्या सावकाराकडून याचे उत्तर अपेक्षिणे व्यर्थ आहे. शिवाय ज्या रूपात हा मजकूर सर्वत्र पसरला, ते ग्रँट डफच्या १८२६ मधील इंग्रजी इतिहासातील रूप आहे. मग त्याला समकालीन म्हणावयाचे की उत्तरकालीन? राजवाड्यांची फूटपट्टी येथे सरळ लागू पडत नाही.

नाना फडणीस तर प्रत्यक्ष लढाईत होते. वय अठरा. त्यांच्या आत्मवृत्तातील पळाचे वर्णन अत्यंत प्रामाणिक आहे, कारण त्यात लेखकाला मिरविण्यासारखे काहीच नाही. तरीही नेमक्या आपल्या प्रश्नाला ते अपुरे पडते : विश्वासराव पडल्यानंतरच्या गर्दीत भाऊ दृष्टीआड झाले. प्रत्यक्षदर्शी म्हणजे सर्वदर्शी नव्हे.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाची फारसी हकीकत सुमारे दोन दशकांनंतरची. शिवाय ती शत्रुपक्षाच्या छावणीतून आलेली. म्हणजे ठरीव उत्तराप्रमाणे दुहेरी संशयास्पद. पण लढाई संपल्यावर रणांगणावर वावरण्याची मुभा जेत्यांनाच होती. प्रेतांचा शोध, ओळख पटविणे, अंत्यसंस्कारासाठी झालेली रदबदली हे सारे तिकडच्या माणसालाच पाहता येणे शक्य होते. तपशिलात काशीराजाची स्मृती डळमळत असेल, आणि धन्याला उदार दाखविण्याकडे त्याचा कल असणार हेही उघड आहे. तथापि भाऊंच्या अंताविषयी सर्वांत जवळचा साक्षीदार तोच ठरतो.

उरली 'भाऊसाहेबांची बखर'. तिच्यातील संवाद, दत्ताजी शिंद्यांच्या अखेरच्या उद्गारांसह, शब्दशः कोणी टिपून घेतले असतील हे संभवत नाही. घटनेची नोंद म्हणून तिला साक्षीस बोलावू नये हे राजवाड्यांचे म्हणणे मान्यच आहे. मात्र पानिपतावर काय घडले याखेरीज, काय घडले असे लोक मानीत होते, हाही प्रश्न असतो आणि त्याचे परिणाम घटनेइतकेच खरे असतात. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य पत्करले नाही. भाऊ म्हणून पुढे आलेला तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी तो पकडला जाऊन त्याला देहदंड झाला.

तोतयाच्या वेळी पुण्याचा कारभार पाहणाऱ्यांत नाना फडणीस प्रमुख होते. भाऊंना रणात अखेरचे पाहिलेल्यांपैकी एक असूनही त्यांचा मृत्यू मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. काशीराजाची हकीकत तेव्हा लिहून व्हावयाची होती. तोतयाकडे जी माणसे वळली ती सारीच लोभी वा भोळी होती असे म्हणणे सोपे आहे. पण भाऊ परत येतील असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या मनात कोणता भाऊ उभा होता हे पत्रव्यवहारातील जमाखर्चावरून कळत नाही. ते बखरीतील त्या संवादांत शोधावे लागते.